दुखण्याची गोळी: कुणाला, कशासोबत, किती दिवस?

सांधेदुखीविषयी आलेल्या पत्रांना या अंकात एकत्र उत्तरे देत आहे. पत्रे बीड, परभणी, हिंगोली, लातूर आणि जालना या जिल्ह्यांतून आली आहेत आणि बहुतेकांनी शेवटी एकच गोष्ट विचारली आहे: दुखण्यावर आणि सुजेवर सर्वांत चांगली गोळी कोणती? याला माझ्याकडे एका नावाचे उत्तर नाही. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी दाहशामक औषधे योग्य मात्रेत दिली, तर थोड्याफार फरकाने सारखाच आराम देतात. मात्र घेणाऱ्याचे वय काय, त्याचे हृदय व मूत्रपिंडे कशी आहेत, दिवसभरात त्याच्या पोटात आणखी कोणती औषधे जातात आणि शरीरात पाणी किती आहे, यावर एकाला मानवलेली गोळी दुसऱ्याला रुग्णालयात नेऊ शकते. म्हणून पुढील उत्तरांत गोळीच्या नावापेक्षा या गोष्टींचीच चौकशी अधिक आढळेल. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: माझ्या आईचे वय सत्तर आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज झाल्याचे एक्स-रे पाहून सांगितले आहे. गेले आठ महिने ती ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल यांची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ घेते आणि सोबत पित्ताची गोळीही न चुकता घेते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी चालू आहे. महिनाभरापासून पावले सुजतात आणि वरचा रक्तदाब १६० च्या खाली येत नाही. क्रिएटिनिन १.३ आले, ते थोडेसेच वाढलेले आहे, असे तपासणी करणाऱ्यांनी सांगितले. ही सूज गुडघ्यांमुळे आहे का? रक्तदाबाची गोळी वाढवावी का? (एक वाचक, माजलगाव)

उत्तर: रक्तदाबाची गोळी वाढवण्याआधी दुखण्याची गोळी थांबवून पाहावी, आणि त्यासाठी आईंना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे. पावलांची सूज, न उतरणारा रक्तदाब आणि वाढलेले क्रिएटिनिन या तिन्ही गोष्टी दुखण्याच्या या एका गोळीने होऊ शकतात. सुजेची दुसरी कारणेही असतात, म्हणून तपासणी टाळू नये. पण संशय आधी या गोळीवर घ्यावा, असे माझे मत आहे.

ही औषधे शरीरात नेमके काय करतात, हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवून दिले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्याबद्दल त्यांना वाटा मिळाला. आपल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. दुखावलेल्या सांध्यात या द्रव्यांमुळे वेदना आणि सूज वाढते, आणि दाहशामक गोळी ती तयारच होऊ देत नाही, म्हणून आराम पडतो. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तरावरचा संरक्षक थर टिकवतात आणि मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवतात. गोळी रक्तातून सर्वत्र जाते. तिला गुडघ्यापुरते थांबवण्याची सोय नाही.

मूत्रपिंडातील गाळणी रक्ताच्या दाबावर चालते, आणि शेतकरी घरातल्या वाचकांना हे ठिबकवरून चटकन कळेल. टाकीत पाणी कमी आहे, नळीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला आहे आणि शेवटचे टोक मोकळे सोडले आहे, असे तिन्ही एकदम घडले तर तोट्यांतून थेंब पडत नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ-पाणी काढून टाकते, टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर पडणारी रक्तवाहिनी सैल करते आणि ॲसिक्लोफिनॅक आत येणारी वाहिनी आवळते. पहिली दोन औषधे रक्तदाबासाठी उत्तम आहेत. त्यांतले टेल्मिसार्टन तर दीर्घकाळात मूत्रपिंडांचे रक्षणही करते, म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. अडचण तिसऱ्या औषधाच्या संगतीत आहे. या तिघांच्या एकत्र येण्याने मूत्रपिंडांना होणारी इजा पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांतच दिसू लागते, आणि उन्हाळ्यात किंवा जुलाब लागले असताना ती फार वेगाने होते.

क्रिएटिनिनच्या आकड्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण 'थोडेसेच वाढले आहे' हे वाक्य अनेक पत्रांत आहे. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते आणि मूत्रपिंडे ते रक्तातून गाळून बाहेर टाकतात. म्हाताऱ्या, किडकिडीत बाईच्या अंगात स्नायूच कमी असल्यामुळे मूत्रपिंड बरेच मंदावले, तरी आकडा फारसा चढत नाही. आज प्रचलित असलेल्या सूत्राने हिशेब केला, तर ३० वर्षांच्या पुरुषाचे १.३ क्रिएटिनिन म्हणजे गाळण्याचा वेग मिनिटाला सुमारे ७५ मिलिलिटर, आणि ७० वर्षांच्या स्त्रीचे तेच १.३ म्हणजे जेमतेम ४४. साठच्या खाली वेग गेला की दाहशामक गोळ्या रोज आणि दीर्घकाळ देऊ नयेत, आणि तीसच्या खाली त्या टाळाव्याच. अहवालात 'ई-जीएफआर' या नावाने हा वेग छापलेला असतो. नसेल तर डॉक्टरांना तो काढून सांगायला सांगावे. दिलासा एवढाच की अशी इजा वेळीच ओळखून गोळी बंद केली, तर बहुतेकांची मूत्रपिंडे सावरतात. गोळी थांबवल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासावे. मधल्या काळात दम लागू लागला, आडवे झाल्यावर श्वास कोंडू लागला किंवा लघवी फारच कमी झाली, तर दोन आठवड्यांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पित्ताच्या गोळीने सर्व धोका टळतो, हा समज फार पसरलेला आहे. पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल जठराला आणि त्यालगतच्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला चांगले संरक्षण देते; पुढच्या आतड्याला, मूत्रपिंडांना आणि हृदयाला तिचा काही उपयोग नाही. शिवाय उतारवयात या गोळ्यांनी झालेला व्रण पुष्कळदा दुखतच नाही आणि रक्त गुपचूप झिरपत राहते. त्यामुळे आईंचे हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होत असेल, तर ती आतल्या रक्तस्रावाची खूण आहे. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो, पण तो चिकटपणा आणि वास त्यात नसतो. शंका असेल तर दाखवलेलेच बरे.

आता गुडघ्यांचे. झिजेच्या दुखण्यावर नुसत्या पॅरासिटामॉलचा गुण माफकच येतो, तरी या वयात पोटात घ्यायची पहिली गोळी मी तीच सुचवीन: ५०० मिलिग्रॅमची गोळी, दोन मात्रांमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवून, आणि कमी वजनाच्या वृद्ध व्यक्तीला दिवसभरात एकूण दोन ते तीन ग्रॅमच्या पुढे न जाता. त्याच्या जोडीला गुडघ्यावर लावायचे मलम आहे, त्याविषयी शेवटच्या उत्तरात लिहिले आहे. यांच्याइतकेच महत्त्व मांडीच्या स्नायूंना आहे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच-दहा आकडे मोजेपर्यंत तो तसाच धरावा आणि सावकाश खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. हे दोन-तीन महिने नेमाने केले, तर त्याचा परिणाम गोळीच्या तोडीचा असतो आणि त्याने मूत्रपिंड बिघडत नाही. काठी ज्या गुडघ्याला जास्त त्रास आहे त्याच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक माणसे ती उलट धरतात. शौचासाठी खुर्ची करून घ्यावी आणि निवडणे-टिपणे पाटावर बसून न करता स्टुलावर बसून करावे.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दरवर्षी दसऱ्यानंतर टोळीबरोबर कारखान्यावर जातो. पहाटेच फडात उतरावे लागते. कंबर, खांदे आणि मनगटे धरतात, म्हणून कोऱ्या चहाबरोबर डायक्लोफिनॅकची एक गोळी घेतो आणि फारच झाले तर संध्याकाळी सुई घेतो, कारण सुईने पोट बिघडत नाही असे सगळे सांगतात. यात काही धोका आहे का? (एक ऊसतोड कामगार, धारूर तालुका)

उत्तर: उचल घेतलेल्या माणसाला खाडा परवडत नाही, हे माहीत असल्यामुळे 'विश्रांती घ्या' एवढे सांगून मोकळे होता येणार नाही. तुम्ही काम करतच राहणार आहात, हे धरून लिहितो.

सुईने पोट बिघडत नाही, हे खरे नाही. गोळी पोटात विरघळते म्हणून अस्तर खराब होते, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मुख्य इजा औषध रक्तात गेल्यावर जठराचे संरक्षण कमी झाल्याने होते. ते कमरेत टोचून गेले काय, जिभेखाली विरघळून गेले काय किंवा गुदद्वारातून गेले काय, परिणाम तोच. भाकरी खाऊन गोळी घेतल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते, म्हणून तसे जरूर करावे, पण त्यामुळे व्रण होणार नाही याची हमी मिळत नाही.

दुसरी गोष्ट मोजदादीची आहे. डायक्लोफिनॅकची दिवसाची कमाल मात्रा १५० मिलिग्रॅम आहे. सकाळची गोळी ५० ची, संध्याकाळची सुई ७५ ची, आणि सुईनंतर रात्रीसाठी म्हणून बांधून दिलेल्या पुडीत पुन्हा तेच औषध असेल, तर मर्यादा ओलांडलीच. पुडीतल्या सुट्या गोळीवर नाव नसते, म्हणून मेडिकलमधून नाव असलेली पट्टीच मागून घ्यावी आणि तिच्या मागची बारीक अक्षरे कोणाकडून तरी वाचून घ्यावीत. एकाच गोळीत डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि स्नायू सैल करणारे क्लोरझोक्साझोन अशी तीन-तीन औषधे असतात. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेताना तेच औषध दोनदा पोटात जाते. सुज उतरवणारी म्हणून सेराशिओपेप्टिडेज घातलेल्या गोळ्याही सर्रास दिल्या जातात. तिच्या उपयोगाचा पुरावा फार कच्चा आहे, आणि मी त्यावर पैसे घालवणार नाही. डायक्लोफिनॅकची सुई मात्र लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये.

तुमच्या कामात सगळ्यांत मोठा धोका पाण्याचा आहे. थंडीत तहान लागत नाही, फेब्रुवारीपासून ऊन चढते, आणि फडाजवळ आडोसा नसल्यामुळे बायका मुद्दाम पाणी कमी पितात. अशा कोरड्या शरीरात ही गोळी गेली, की धडधाकट तरुणाची मूत्रपिंडेही एक-दोन दिवसांत बंद पडू शकतात. म्हणून लघवी गडद पिवळी आणि थोडी होत असेल, उलट्या किंवा जुलाब होत असतील किंवा सकाळपासून काही पोटात गेलेले नसेल, तर त्या दिवशी दुखण्याची गोळी घेऊच नये. आधी पाणी, आणि जुलाब असतील तर क्षार-साखरेची एक पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून ते पाणी घ्यावे. एरवी रात्री जेवणानंतर पॅरासिटामॉल आणि ज्या दिवशी खरोखर हात उचलत नाही त्या दिवशीच डायक्लोफिनॅक, असा क्रम ठेवावा. रोज पहाटे, दुखण्याआधीच, कामाची तयारी म्हणून गोळी घेणे सोडून द्यावे. गोळी घेतलेल्या दिवशी दारू टाळावी, कारण दारूने पोटातील रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि पॅरासिटामॉलसोबत ती यकृताला जड जाते.

पत्नीबाबत एक वेगळी सूचना. गर्भाचे वीस आठवडे झाल्यानंतर ही औषधे घेऊ नयेत. त्यांनी बाळाची मूत्रपिंडे मंदावून गर्भजल कमी होऊ शकते, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी मिटू शकते. पाळी चुकली असेल, तर गोळी किंवा सुई देणाऱ्याला ते आधी सांगावे.

प्रश्न: बैलाचा पाय सुजला की आम्ही मेडिकलमधून माणसाची डायक्लोफिनॅकची सुई आणून जनावराला देतो. चालते का? (एक शेतकरी, जिंतूर)

उत्तर: हा प्रश्न माझ्या शाखेचा नाही, तरी उत्तर ठाऊक असल्यामुळे देतो. चालत नाही, आणि कायद्यानेही चालत नाही. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यावर भारतात २००६ सालीच बंदी आली. हे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती काही दिवसांत मरतात. आपल्याकडच्या तीन जातींची ९५ टक्क्यांहून अधिक गिधाडे याच कारणाने नाहीशी झाली. बंदीनंतर माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ साली माणसाच्या सुईची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. २०२३ साली जनावरांसाठीचे ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही बंदी आली. बैलासाठी पशुवैद्यकांकडून मेलोक्सिकॅम लिहून घ्यावे. ते गिधाडांना घातक नाही. आणि गोठ्यासाठी आणलेली सुई घरात कोणाच्या कमरेत टोचू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण पत्रांतून ती येते.

प्रश्न: माझी पत्नी अडतीस वर्षांची आहे. दोन वर्षांपासून दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सुजतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही. एका ठिकाणाहून आम्ही वनस्पतीच्या औषधाच्या पुड्या आणतो. पहिल्याच दिवशी आराम पडला. आता चेहरा गोल झाला आहे, वजन वाढले आहे आणि रक्तातील साखरही वाढलेली निघाली. पुड्या बंद केल्या की तिला अंथरुणातून उठवत नाही. काय करावे? (एक वाचक, कळमनुरी)

उत्तर: तुम्ही वर्णन केलेल्या खुणा स्टिरॉइडच्या आहेत. वनस्पतीचे म्हणून दिल्या जाणाऱ्या काळ्या गोळ्यांत आणि पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेले आढळते, आणि कधी त्यासोबत डायक्लोफिनॅकही असते. वर्षानुवर्षांची सूज एका रात्रीत उतरवणारी पुडी मिळाली, तर आनंदाआधी शंका यायला हवी. आयुर्वेदाशी याचा संबंध नाही. प्रामाणिक वैद्य असे करत नाहीत आणि अशा भेसळीने त्यांचेही नाव खराब होते.

सगळ्यांत महत्त्वाचे असे की पुड्या एकदम बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले, की शरीर स्वतःचे तयार करणे थांबवते, आणि पुरवठा अचानक तुटला तर अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब कोसळणे इथपर्यंत मजल जाते. पुडीचा नमुना सोबत घेऊन लगेच फिजिशियनकडे जावे. ते मोजून मापून प्रेडनिसोलोन सुरू करतात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते हळूहळू उतरवतात. जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय होऊ शकते. तोवर सोबत डायक्लोफिनॅकसारखी कोणतीही गोळी घेऊ नये, कारण स्टिरॉइड आणि दाहशामक एकत्र आले, की जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. साखर, रक्तदाब आणि डोळे तपासून घ्यावेत, आणि जुना खोकला किंवा बारीक ताप असेल तर क्षयाची तपासणीही करावी, कारण दबून असलेला क्षय स्टिरॉइडमुळे डोके वर काढतो.

मूळ आजाराकडे वळू. दोन्ही हातांचे लहान सांधे सारखेच सुजणे आणि सकाळचा ताठरपणा तासभर टिकणे, हे आमवाताचे म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे लक्षण आहे. वयानुसार होणाऱ्या झिजेत हा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. दाहशामक गोळी तिथे दुखणे झाकते, पण हाडांची झड थांबवत नाही. ती थांबवणारी औषधे वेगळी आहेत. त्यांतले प्रमुख मेथोट्रेक्सेट हे जुने आणि स्वस्त आहे, आणि आजाराच्या पहिल्या काही महिन्यांत सुरू केले तर बोटे वाकडी होणे बऱ्याच अंशी टळते. दोन वर्षे गेली असली तरी उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर या रक्ताच्या तपासण्या केल्या आणि हातांचे एक्स-रे काढले, की चित्र स्पष्ट होईल.

मेथोट्रेक्सेट सुरू झाले, तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी: ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावलेली आहेत. कॅलेंडरवर वार गोल करून ठेवावा, फोलिक ॲसिडची गोळी वेगळ्या वारी घ्यावी, रक्ततपासणी ठरल्याप्रमाणे करावी, आणि मूल हवे असेल तर हे औषध सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. मेथोट्रेक्सेट चालू असताना मेडिकलमधून परस्पर दुखण्याची गोळी आणू नये. ती लागलीच तर डॉक्टर मूत्रपिंडांचा अहवाल पाहून देतील.

प्रश्न: पावसाळ्यात जोराचा ताप येऊन घोटे आणि मनगटे जखडतात. आमच्या गल्लीत एकाच आठवड्यात तिघांना असे झाले. चिकुनगुनिया असावा असे वाटून आयबुप्रोफेन घेतले तर योग्य आहे का? (एक वाचक, औसा)

उत्तर: पहिल्या काही दिवसांत घेऊ नये. महाराष्ट्राने २००६ साली चिकुनगुनियाची मोठी साथ पाहिली आणि तेव्हापासून ताप व सांधे म्हटले, की लोकांच्या मनात तेच नाव येते. पण चिकुनगुनिया आणि डेंगी एकाच जातीच्या डासाने पसरतात, एकाच गल्लीत एकाच वेळी असतात आणि सुरुवातीला सारखेच दिसतात. डेंगीत रक्तातील प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक कणिका, कमी होतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि ॲस्पिरिन ही औषधे उरलेल्या प्लेटलेटचेही काम बिघडवतात आणि रक्तस्रावाला वाट करून देतात. ताप आणि दुखणे यांसाठी तोवर फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ. पहिल्या पाच दिवसांत डेंगीची एनएस-१ तपासणी करावी. ताप उतरत असताना पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा अतिशय ग्लानी यांपैकी काही दिसले, तर रुग्ण बरा होतोय असे न समजता दवाखान्यात न्यावे, कारण डेंगीत धोक्याचा काळ तोच असतो.

डेंगी नाही असे ठरल्यावर आणि ताप गेल्यावर सांधे दुखतच राहिले, तर थोड्या दिवसांसाठी दाहशामक गोळी घेता येते. चिकुनगुनियाचे सांधे काही जणांत महिनोन् महिने दुखतात. एकच सांधा लालबुंद, गरम आणि हात लावू देत नाही असा झाला असेल आणि सोबत ताप असेल, तर गोष्ट निराळी आहे. सांध्यात पू झालेला असू शकतो आणि अशा वेळी दुखणे दाबणारी गोळी घेऊन घरी थांबणे म्हणजे सांधा गमावणे.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात स्टेंट बसवला. ॲस्पिरिन ७५ रोज चालू आहे. यंदा पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जायचे आहे. वाटेत पाय भरून आले तर कोणती गोळी जवळ ठेवू? (एक वारकरी, घनसावंगी)

उत्तर: पायी जाण्याबद्दल आधी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे, ते बहुधा नाही म्हणणार नाहीत. पिशवीत पॅरासिटामॉल आणि मलमाची ट्यूब ठेवावी. डायक्लोफिनॅक आणि एटोरिकॉक्सिब तुमच्यासाठी नाहीत. रोफेकॉक्सिब हे याच वर्गातले एकेकाळचे फार खपाचे औषध हृदयविकाराचा धोका वाढवते म्हणून २००४ साली जगभरातून मागे घेतले गेले, आणि पुढे डायक्लोफिनॅकमध्येही जवळपास तसाच धोका दिसल्यावर २०१३ साली युरोपातील औषध नियंत्रकांनी हृदयविकार झालेल्यांना ते देऊ नये असे ठरवले. आयबुप्रोफेनचा घोळ वेगळा आहे: ते आधी पोटात गेले, तर ॲस्पिरिनला प्लेटलेटवर बसायला जागा मिळत नाही आणि स्टेंटचे संरक्षण ढिले पडते. मुक्कामावर पाय चेपून देताना कोणी आपली गोळी भक्तिभावाने पुढे केली, तरी ती घेऊ नये. ॲस्पिरिन मात्र एकादशीच्या उपवासालाही चुकवू नये. पाण्याशिवायचा उपवास चालण्याच्या दिवसांत तुम्ही करू नये, असे मला वाटते. चालताना छातीत दडपण आले किंवा डावा हात भरून आला, तर तो थकवा समजून पुढे चालू नये. पालखीसोबतच्या वैद्यकीय पथकाला तिथल्या तिथे गाठावे.

प्रश्न: मलमाचा खरोखर उपयोग होतो का, की ती मनाची समजूत? (पुष्कळ वाचक)

उत्तर: गुडघा आणि हाताची बोटे यांच्या झिजेवर डायक्लोफिनॅकच्या जेलचा उपयोग होतो, आणि गोळीच्या तुलनेत रक्तात जाणारे औषध जेमतेम सहा टक्के असल्यामुळे वृद्धांसाठी ते पुष्कळ सुरक्षित आहे. कंबर आणि खुबा यांचे सांधे खोल असल्याने तिथे फारसा गुण येत नाही. लोक ते हरभऱ्याएवढे लावतात आणि गुण नाही म्हणतात. एक टक्क्याचे जेल असेल, तर एका गुडघ्याला एका वेळी सुमारे चार ग्रॅम लागते, म्हणजे तीस ग्रॅमची ट्यूब सात-आठ वेळांत संपते. दिवसातून तीन-चार वेळा लावून दोन आठवडे पाहावे, मगच निकाल द्यावा. जोराने चोळण्याची गरज नाही. लावल्यावर त्यावर घट्ट पट्टी बांधू नये आणि गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक देऊ नये, कारण उष्णतेने औषध जास्त शोषले जाते आणि कातडी भाजते. फुटलेल्या किंवा खरचटलेल्या जागी लावू नये, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. बोटांनाच लावले असेल तर किमान एक तास थांबून धुवावेत. मूत्रपिंडांचा आजार असणाऱ्यांनी जेलही डॉक्टरांना विचारूनच आणि एकाच सांध्यापुरते वापरावे.